रमजानची भेट : थोडा इतिहास, थोडा विचार

शाबान महिना निम्मा सरला की मस्कतच्या दुकानांतून रमजानच्या टोपल्या दिसू लागतात. सोनेरी कागद, वर रिबीन, आत खजूर, थोडे बदाम-पिस्ते, एखादी अत्तराची कुपी. आपल्यापैकी अनेकजण दरवर्षी त्यातलीच एक उचलतात, ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवतात आणि एक काम उरकले म्हणून मोकळे होतात. टोपलीत वाईट काहीच नाही. पण ज्या देशात आपण दहा-दहा, वीस-वीस वर्षे राहतो, ज्याच्या शाळेत आपली मुले शिकतात, तिथल्या सर्वांत मोठ्या महिन्याशी आपला संबंध एवढाच असावा काय? समोरच्या दारातले ओमानी कुटुंब आपल्याला जिन्यात भेटल्यावर हसते, आपण हसतो, आणि अशी वर्षे जातात. एकमेकांच्या घरी जायला निमित्त लागते. रमजान हे असे निमित्त आहे आणि हातात काय घेऊन जावे याची पुष्कळ जुनी परंपरा त्यामागे आहे. ती परंपरा कळली तर काय द्यावे हे विचारावे लागणार नाही, आपोआप सुचेल. म्हणून हा लेखप्रपंच.

महिना फिरतो कसा?

पहिली गोष्ट कालगणनेची. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आपलेही महिने चांद्रच आहेत, पण आपण साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना घालून चंद्राची आणि सूर्याची गाठ पुन्हा बांधून देतो. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात त्याचा रमजान थंडीत येतो, पावसाळ्यात येतो आणि आखाती जून-जुलैच्या आगीतही येतो.

भेट देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे असे आहे. डिसेंबरातला रोजा आणि जूनमधला रोजा यांत काही तासांचा फरक पडतो, आणि तहानेचा त्याहून जास्त. जुन्या लोकांनी भेट ठरवली ती या तहान-भुकेकडे पाहून.

पहिली भेट : उपवास सोडायला काहीतरी

रमजानचे रोजे बंधनकारक झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ साली. पैगंबर तेव्हा मदिनेत होते. मदिना हे खजुराच्या बागांचे गाव. पैगंबर स्वतः ताज्या खजुराने रोजा सोडीत, ताजा नसेल तर सुक्या खजुराने, आणि तोही नसेल तर पाण्याच्या चार घोटांनी, असे हदीसमध्ये नोंदले आहे. आज जगभर रोजा खजुराने सुटतो तो त्यामुळे. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला चटकन् साखर मिळते आणि लगेच भरपेट जेवणाचा ताण पडत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण.

याच्या जोडीला दुसरी एक शिकवण आहे. दुसऱ्याचा रोजा जो सोडवील त्याला रोजा ठेवणाऱ्याइतकेच पुण्य, आणि ते देताना रोजा ठेवणाऱ्याच्या पुण्यात काही उणे पडत नाही. रमजानच्या भेटीचे मूळ हे असे आहे. सूर्य बुडताना दुसऱ्याच्या हातात काहीतरी खाण्यासारखे असावे, एवढेच. मक्का-मदिनेच्या मशिदींतून आजही संध्याकाळी लांबलचक पंक्ती मांडलेल्या असतात आणि अनोळखी माणसाला हाताला धरून बसवतात. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्याला आग्रहाने जेवू घालतात, त्याची आठवण यावी असा तो प्रकार.

इथे एक भेद मात्र समजून घ्यायला हवा. भेट वेगळी आणि दान वेगळे. रमजान संपता संपता, ईदच्या नमाजापूर्वी, प्रत्येक मुसलमान कुटुंबाने माणशी एक ठरावीक माप धान्य गरजूंना द्यायचे असते. घरातल्या तान्ह्या मुलाच्या नावानेही. त्याला जकात-अल-फित्र म्हणतात. मूळ माप एक ‘सा’, म्हणजे ओंजळीने चार ओंजळी, वजनात धरले तर अडीच किलोच्या आसपास. पूर्वी ते खजूर किंवा जव या रूपात देत, आता बहुतेक ठिकाणी तांदळाच्या रूपात. हेतू असा की ईदच्या दिवशी कोणाच्याही घरची चूल थंड राहू नये. हे कर्तव्य आहे, त्यात घेणाऱ्याचा हक्क आहे. शेजाऱ्याला आपण जे नेतो ते याहून निराळे, ते स्नेहाचे. दोन्हींची गल्लत केली की देणारा उपकारकर्ता होतो आणि घेणारा अवघडतो.

कैरोचे साखरेचे झाड

मदिनेतल्या खजुरापासून निघालेली ही रीत राजधान्यांत पोचली तेव्हा तिला थाट आला. सर्वांत मोठा थाट इजिप्तच्या फातिमी खलिफांचा. त्यांनी ९६९ साली कैरो वसवले. खलिफा अल-अजीज (राज्यकाल ९७५ ते ९९६) याच्या वेळेपासून तिथे ‘दार-अल-फित्रा’ नावाचे एक स्वतंत्र कोठारच होते. त्यात पीठ, साखर, बदाम, खजूर, केशर यांचे ढीग येत आणि ईदसाठी मिठाई तयार होऊन सरदारांपासून सामान्य नोकरांपर्यंत वाटली जाई. ईदला नवे कपडेही वाटले जात, इतके की त्या काळी या सणाला ‘वस्त्रांची ईद’ असेच नाव पडले होते. लहानांना आज जी ईदी मिळते, तिचे मूळ या फातिमी काळातल्या वाटपात आहे असे पुष्कळजण मानतात.

नासिर खुस्रो हा इराणी प्रवासी पुढच्या शतकात कैरोला राहिला. ईदच्या मेजवानीच्या आदल्या दिवशी राजवाड्यात नेऊन त्याला तयारी दाखवण्यात आली. त्या एका दिवसासाठी ५०,००० ‘मन’ साखर काढली होती असे त्याने लिहून ठेवले आहे. (हा मन आपल्या चाळीस शेरी मणाहून पुष्कळ लहान, तरीही आकडा डोळे पांढरे करणाराच.) मेजावर नारिंगाचे एक झाड उभे होते, त्याची फांदी न् फांदी, पान न् पान साखरेचे होते.

राजवाड्यातला साखरेचा हा छंद पुढे बाजारात उतरला. फातिमी गेल्यावर दोन शतकांनी जन्मलेला इतिहासकार मकरीजी (१३६४ ते १४४२) याने कैरोच्या मिठाईबाजाराचे वर्णन केले आहे. सणासुदीला दुकानांवर साखरेचे घोडे, सिंह, मांजरे दोऱ्याने टांगलेली असत आणि मुलांसाठी ती घेतल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पाडव्याला साखरेच्या गाठींच्या माळांनी भरलेल्या आपल्याकडच्या दुकानांची आठवण येते. मेणबत्त्यांचा एक बाजारही वेगळा होता, आणि रमजानमध्ये तो रात्री उजळून निघे. आज इजिप्तमध्ये मुलांना रमजानचा कंदील भेट देतात, तो ‘फानूस’. खलिफा अल-मुइज्ज रमजान महिन्यात कैरोत आला तेव्हा लोक दिवे घेऊन त्याला सामोरे गेले आणि तेव्हापासून हा कंदील आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, आता आखातातल्या दुकानांतही हा कंदील टांगलेला दिसतो आणि आपल्या आकाशकंदिलाचा भाऊ शोभतो.

इस्तंबूलचे ‘दातांचे भाडे’

तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांच्या दोन प्रथा सांगण्यासारख्या आहेत. त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांच्या.

पहिली बाक्लव्याच्या मिरवणुकीची. रमजानच्या १५ व्या दिवशी सुलतानाच्या भटारखान्यातून जॅनिसरी सैनिकांना बाक्लवा पाठवला जाई. दर दहा शिपायांमागे एक परात. सैनिक राजवाड्यात येत, काठीला अडकवून पराती उचलत आणि मिरवणुकीने आपल्या छावणीत नेत. पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होई. ही भेट गोड होती, पण तिच्या मागे राजकारण होते. ज्या फौजेच्या मनात आले तर सुलतान गादीवरून उतरतो, त्या फौजेला खूश ठेवणे भाग होते. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ साली जॅनिसरी फौज मोडून काढली. त्याबरोबर बाक्लव्याची मिरवणूकही संपली. भीतीपोटी दिलेल्या भेटीचे आयुष्य भीतीइतकेच असते.

दुसरी प्रथा घराघरांतली. इस्तंबूलचे धनिक रमजानमध्ये दार उघडे ठेवीत, आणि इफ्तारला आलेल्या पाहुण्याला, मग तो ओळखीचा असो वा वाटसरू, जाताना लहानशा थैलीत चांदीचे नाणे किंवा जपमाळ देत. तिचे नाव मोठे गमतीचे आहे, ‘दातांचे भाडे’. म्हणजे असे की तुम्ही आमच्या घरचे अन्न खाताना तुमचे दात झिजवलेत, त्याचे हे भाडे. जेवण मिळाले म्हणून पाहुण्याने आभारी राहण्याऐवजी यजमानच आभारी राहतो. आपल्याकडे जेवणावर दक्षिणा देतात, त्यातला भाव हाच आहे. देणाऱ्याने वाकून द्यावे, म्हणजे घेणाऱ्याला ताठ मानेने घेता येते.

आखातातल्या रीती

आता आपण राहतो त्या मुलखाकडे वळू. इथे तेल सापडण्यापूर्वी श्रीमंती फार थोड्या घरांत होती. समुद्रातले मोती, मासळी, खजूर आणि गलबतांवरचा व्यापार, यांवर चरितार्थ. कैरो-इस्तंबूलचा थाट इथे कुठून येणार? इथली रमजानची भेट म्हणजे मगरिबच्या बांगेआधी शेजाऱ्याच्या घरी जाणारी झाकलेली थाळी. कुवेत, बहरीन, कतारकडे तिला ‘नक्सा’ म्हणतात. एका घरातून हरीस गेला की दुसऱ्या घरातून सरीद किंवा लुकैमात येतात. थाळ्या पोचवण्याचे काम मुलांचे. त्यामुळे कोणाच्या घरी आज काही शिजले नाही, कोण आजारी आहे, हे गल्लीला न विचारता कळे आणि त्याची सोय कोणी न सांगता होई.

महिन्याच्या मध्यावर मुलांचा सण येतो. ओमानमध्ये त्याला ‘करनकशो’ म्हणतात, कतारमध्ये ‘गरंगाओ’, कुवेत-बहरीनकडे ‘गिरगियान’. अमिरातीत हीच मौज रमजानच्या आधी, शाबानच्या मध्यावर होते, तिथे ती ‘हक अल लैला’. मुले गळ्यात कापडी पिशव्या अडकवून, गाणी म्हणत दारोदार जातात. ओमानात शिंपल्या किंवा दगड एकमेकांवर वाजवून ताल धरतात. घरातली बाई सुपातून शेंगदाणे, सुकामेवा, गोळ्या मुठीने पिशवीत टाकते. भोंडल्याला एका घरून दुसऱ्या घरी जाऊन खिरापत खाणाऱ्या आपल्या मुलींना हे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटच्या आठवड्यात ओमानातल्या गावोगावी ‘हबता’ भरतो, म्हणजे ईदचा बाजार. बकऱ्या, गुरे, खंजीर, कपडे, मसाले, मुलांची खेळणी आणि ओमानी हलवा. साखर, तूप, सत्त्व, वेलची, केशर, गुलाबपाणी घालून तांब्याच्या मोठ्या कढईत तासन् तास घोटलेला हा हलवा कहव्याबरोबर आल्याशिवाय ईद होत नाही. ईदच्या सकाळी मुलांना मिळते ती ‘ईदिया’, आपल्या बोलीत ईदी.

या ईदीचा आणि आपला फार जवळचा संबंध आहे. ओमान, कुवेत, बहरीन, कतार, दुबई येथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपया हेच रोजच्या व्यवहाराचे चलन होते. सोन्याच्या चोरट्या आयातीत रुपये बाहेर जाऊ लागले म्हणून भारत सरकारने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहरीनने १९६५ साली आपले दिनार आणले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि कतार-दुबईनेही रुपया सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत चालला. म्हणजे आज साठीच्या पुढे असलेल्या मस्कतच्या ओमानी आजोबांना त्यांच्या लहानपणी जी ईदी मिळाली, ती रिझर्व्ह बँकेची सही असलेल्या नोटेत. रियालचे जे १००० बैसे आपण रोज मोजतो, तो ‘बैसा’ म्हणजे आपला पैसाच. मुलांना हे सांगून पाहा. ज्या देशात आपण नुसते नोकरीला आलो असे त्यांना वाटते, त्याच्या खिशात आपले नाणे आधीच होते.

खारीक, मोती आणि चौल

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आखातातली गलबते खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला जात आणि येताना तांदूळ, चहा, साखर, मसाले, कापड, सागाचे लाकूड आणीत. आखाती मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. आपल्या आज्यांच्या नथीतला ‘बसरा मोती’ तो हाच. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बसला, पण नथीतले मोती राहिले.

त्याहून घरगुती उदाहरण खारकेचे आहे. ओमानच्या शर्किया भागात, बिदिया वगैरे गावांत, ‘मबसली’ नावाचा खजूर होतो. तो पिवळा आणि कडक असतानाच, उन्हाळ्यात उतरवतात, तांब्याच्या मोठ्या काहिलींत उकळतात आणि मग काही दिवस उन्हात वाळवतात. या कामाला ‘तबसील’ म्हणतात, आणि सारा गाव त्यात लागतो. हा उकडून वाळवलेला माल पिढ्यान् पिढ्या गेला तो मुख्यतः भारतात. आपण त्याला खारीक म्हणतो. भारतातली सगळीच खारीक ओमानची नव्हे, सिंधमधूनही ती येत असे. पण ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम, खोबऱ्याची वाटी यांच्याबरोबर जी खारीक पडते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी कुटून घालतात, तिच्या मागे शर्कियातल्या काहिलीचा धूर असू शकतो. ओटी हीसुद्धा भेटच. आपल्या सर्वांत मंगल भेटीत या देशाचे फळ कधीचेच येऊन बसले आहे.

माणसांचीही ये-जा होती. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले चौल. राज्य राष्ट्रकूटांचे. तिथे सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती असल्याचे तो लिहितो, आणि त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले लोक होते असेही सांगतो. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर रमजानचा चंद्र पाहणारे ओमानी कुटुंब अकराशे वर्षांपूर्वी होते. ते परक्या देशात होते आणि शेजारी त्यांचे धर्माने वेगळे होते. आज आपण इथे जसे आहोत, तसे ते तिथे होते.

कोकणी मुसलमान समाज या जुन्या नात्याची आठवण सांगतो. त्यांची बोली कोकणी-मराठी, त्यांच्या घरी ईदला सांदणे होतात, आणि धर्माचार शाफई पंथाचा, जो अरबी समुद्राच्या किनाऱ्याने मलबारपर्यंत आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरला आहे. रत्नागिरी, रायगडकडची ही कुटुंबे आखातात आपल्याइतकीच, काही तर आपल्याहून आधी आलेली आहेत. गावाकडे काय चालत होते? ईदला शीरखुर्म्याचा डबा शेजारच्या हिंदू घरी येई आणि दिवाळीला त्याच डब्यातून चकल्या-करंज्या परत जात. ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. आपण आवडीने शेवया खातो, पण नावात मान खजुराला आहे.

इथे आल्यावर तो डबा थांबला. यात दोष कोणा एकाचा नाही. गावात घरे शेजारी होती, इथे इमारती वेगळ्या, शाळा वेगळ्या, ऑफिसच्या गाड्या वेगळ्या. पण मराठी मंडळ म्हणून आपण जमतो तेव्हा मराठी बोलणारी ही घरे त्यात किती असतात, हे प्रत्येकाने स्वतःशी मोजून पाहावे. अरब साहेबांच्या टोपलीचा विचार करण्याआधी या मराठी घराच्या दारावर टकटक करायला हरकत नाही. तिथे भाषेची अडचणही नाही.

मग द्यावे काय?

वरच्या इतिहासातून चार-पाच गोष्टी सरळ निघतात.

एक, खाण्याची वस्तू सर्वांत उत्तम, आणि ती सूर्यास्तापूर्वी थोडा वेळ पोचावी. दुपारी बारा वाजता गरम थाळी घेऊन गेलात तर घरच्यांना ती दिवसभर नुसती पाहात बसावी लागेल. बांगेच्या अर्धा-पाऊण तास आधी जावे, दारातच देऊन, दोन शब्द बोलून परतावे. ती वेळ घरात धावपळीची असते. आत बोलावले तर मात्र आढेवेढे न घेता बसावे.

दोन, ओमानी घरी खजूर नेणे म्हणजे कोकणात नारळ नेणे. चालते, पण आपल्या हातचे काही नेले तर त्याची गोडी वेगळी. गलबते इकडे जे आणीत होती त्याचाच धागा धरा. हिरवी वेलची न्या, ती त्यांच्या कहव्यात पडते. चांगला तांदूळ, चहा न्या. हंगाम असेल तर हापूस. घरी केलेले रव्याचे लाडू, नारळाच्या वड्या, करंज्या, आणि खजूर-खारकेचे लाडू तर फारच उचित, कारण त्यात दोन्ही देश आहेत. शाकाहारी घरांनी संकोच करू नये. मांस असलेच पाहिजे असे काही नाही.

तीन, घटक सांगावेत. विकतच्या मिठाईत जिलेटिन नाही ना, इसेन्समध्ये अल्कोहोल नाही ना, हे पाहून घ्यावे. मांसाचा पदार्थ असेल तर तो हलालच हवा. डब्याला आत काय आहे याची चिठ्ठी लावली तर घेणाऱ्याला विचारण्याचा अवघडलेपणा राहात नाही.

चार, भांडे. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. इथल्या जुन्या घरांतही हीच समजूत आहे. तुमच्या डब्यातून काही परत आले तर समजावे की रीत सुरू झाली. ती पुढच्या दिवाळीपर्यंत टिकवणे तुमच्या हाती. अशा रीती जुन्याच असाव्या लागतात असेही नाही. आज आखातात रमजानच्या टेबलावर हमखास दिसणारे ‘विमटो’ हे सरबत १९०८ साली मँचेस्टरमध्ये जन्मले आहे. चार पिढ्यांत ते इथले झाले. मग आपल्या नारळाच्या वडीला काय अडचण आहे?

पाच, मुलांना विसरू नये. करनकशोच्या रात्री दारात मुले आली तर दिवा बंद करून गप्प बसू नये. वाटीभर शेंगदाणे आणि गोळ्या तयार ठेवाव्यात, आणि आपल्या मुलांच्या हातून द्याव्यात. ईदला ओळखीच्या घरच्या मुलांना कोऱ्या नोटेची ईदी द्यावी, रक्कम लहान चालते.

सहा, हाताखालच्या माणसांचे. घरकामाची बाई, ड्रायव्हर, इमारतीचा पहारेकरी, यांतले पुष्कळजण रोजे ठेवतात आणि घरापासून आपल्याहून लांब असतात. त्यांची पहिली भेट म्हणजे वेळेवर हातात पडलेला पगार आणि संध्याकाळी रोजा सोडायला मिळालेली सवड. त्यावर जे द्याल ते भेट. मंडळातर्फे कामगारांच्या वस्तीत इफ्तारचे डबे देण्याची कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी देणग्या गोळा करायच्या झाल्या तर आखाती देशांत सरकारी परवानगी लागते. परवानाधारक संस्थेमार्फतच ते करावे. सरकारी कचेरीतल्या माणसाला, ज्याच्याकडे आपले काम अडलेले आहे, काहीही नेऊ नये. बाक्लव्याच्या मिरवणुकीचा धडा तोच आहे.

उंची टोपली द्यायची असेल त्याने अवश्य द्यावी. बखूर, लुबान, अत्तर यांनाही इथे मोठा मान आहे. पण किंमत सर्वांत शेवटी पाहावी. रमजानच्या चौदाशे वर्षांत खलिफांनी साखरेची झाडे उभी केली, सुलतानांनी पराती मिरवल्या. ती झाडे आणि त्या मिरवणुका आता पुस्तकांत राहिल्या आहेत. मगरिबच्या आधी शेजाऱ्याकडे जाणारी झाकलेली थाळी मात्र अजून चालू आहे. आपल्या जिन्यातून ती चार पायऱ्या वर किंवा खाली जायची आहे, एवढेच.

सर्व वाचक कुटुंबांना, रोजे ठेवणाऱ्या आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या सर्वांना, रमजान मुबारक.